नवव्या ओळीतली बातमी: कामाचं डच शिकताना

मंगळवारी दुपारी माझ्या एका विद्यार्थिनीने नेदरलँड्समधल्या इंटर्नशिपवरून आपल्या वरिष्ठाला मेल केला. डचमध्ये, अकरा ओळींचा. एका ठिकाणी नामाआधीच्या ‘हेट’च्या जागी ‘दे’ (इंग्रजी ‘द’ची डचमधली दोन रूपं) पडलं होतं, तेवढं सोडलं तर भाषा स्वच्छ होती. मेलमध्ये तातडीची एक गोष्ट होती. काचघराच्या तिसऱ्या विभागात टोमॅटोच्या मुळांखालून निथळणाऱ्या पाण्याची ईसी, म्हणजे त्यातल्या क्षारांची पातळी, सलग चार नोंदींत चढत गेली होती. बुधवारी कोणी काही केलं नाही. गुरुवारी सकाळी वरिष्ठ स्वतः त्या रांगांत गेला, झाडांचे शेंडे पाहिले, मीटर लावला आणि तिच्याकडे येऊन म्हणाला, “हे तुला दिसलं नाही का?”

“मी मंगळवारीच कळवलंय.”

त्याने उभ्याउभ्या फोनवर मेल उघडला आणि वरून खाली वाचत गेला. मग स्क्रीन तिच्याकडे वळवून एका ओळीवर बोट ठेवलं. “नवव्या ओळीत आहे हे.”

त्या संध्याकाळी तिचा मला फोन आला. “ताई, माझं डच कमी पडलं.” मी तो मेल मागवून घेतला आणि दोनदा वाचला. डच कमी पडलेलं नव्हतं. दीड वर्षात ती जिथवर पोचली होती तिथवर फार थोडे विद्यार्थी पोचतात. अडलं होतं ते दुसरीकडे, आणि आम्ही शिकवणारे तिथे वेळेवर लक्ष देत नाही. म्हणून हे प्रकरण तिच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता सविस्तर लिहिते आहे.

ती, मी आणि तिचं डच

मी वेंगुर्ल्याची. आमच्या गावात सतराव्या शतकातल्या डच वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. लहानपणी त्या भिंती पाहताना ती माणसं आपसात काय बोलत असतील असा प्रश्न पडायचा. आता नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना डच शिकवते.

ती मावळातली. घरचं गुलाबाचं पॉलिहाऊस, त्यामुळे ड्रिप, कोकोपीट, ईसी, पीएच हे शब्द तिने कॉलेजच्या आधीच ऐकलेले. जानेवारी संपता संपता व्हॅलेंटाइनचा माल निघतो तेव्हा घरात कोणाला झोप नसते, हेही तिने लहानपणापासून पाहिलेलं. इकडे ती काचघरातल्या शेतीचं एम.एस्सी. करायला आली. शिक्षण संपूर्ण इंग्रजीत. शिकायला आलेल्यांवर डचची कुठलीच सक्ती नसते, त्यामुळे बहुतेकजण दुकानापुरतं डच शिकतात आणि थांबतात. पदवी हातात आल्यावर एक वर्ष नोकरी शोधण्यासाठी राहता येतं, त्याला इथे ‘झूकयार’ म्हणतात. त्या वर्षात जाहिराती वाचायला लागलं की एकच वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: बोलण्यात आणि लिहिण्यात डच भाषेवर चांगली पकड हवी. तेव्हा धावपळ सुरू होते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

तिने पहिल्याच सप्टेंबरला सुरुवात केली. आमच्याकडचे वर्ग डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेल्या पद्धतीला जवळचे आहेत. पहिल्या दिवसापासून डचमधूनच शिकायचं, मजकूर ऐकत-वाचत मुखोद्गत करायचा, व्याकरण मागून येतं. पाढे आणि श्लोक पाठ करत वाढलेल्या मुलीला हे जड गेलं नाही. वर्षाच्या शेवटी ती बी-वन पातळीला होती (युरोपात भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात). दुसऱ्या वर्षी चार महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी वेस्टलँडमधल्या एका टोमॅटो उत्पादकाकडे गेली. हेगपासून समुद्राच्या कडेने पसरलेला हा भाग म्हणजे नुसती काचघरं. इथे त्याला ‘काचेचं शहर’ म्हणतात. तोडणीला पोलंडकडची माणसं, त्यांच्याशी मोडकं इंग्रजी, मोडकं डच. पण ऑफिसातली सोमवारची बैठक, पुरवठादारांचे फोन आणि फळ्यावरच्या सूचना, सगळं डचमध्ये.

मराठीने काय दिलं

हे आधी सांगते, कारण आपली मुलं डच शिकताना सगळं इंग्रजीवरून मोजतात आणि हातात असलेलं सोडून देतात.

डच माणूस दुय्यम वाक्यात क्रियापदं शेवटी नेतो. ‘ओमदात इक मॉर्खन नीट कान कोमन’, म्हणजे ‘कारण मी उद्या येऊ शकत नाही’. इंग्रजीवरून आलेला विद्यार्थी इथे महिनाभर धडपडतो. आपल्याला क्रियापद शेवटी ऐकायची जन्मापासून सवय आहे. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. ‘इक बख्रेइप हेट नीट’, मला ते कळत नाही: ‘नीट’ म्हणजे नाही, आणि ते आपल्यासारखंच शेवटी बसलंय. मुख्य वाक्यात वेळेचा शब्द सुरुवातीला आला की क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, ‘मॉर्खन कोम इक’. वर्गात यावर तक्ते काढतात. मी तिला एवढंच म्हटलं, निघताना आपण काय म्हणतो? “उद्या येते मी.” तेच आहे. तिने वही मिटली.

आकड्यांचंही तसंच. पंचवीसला ते ‘फेइफ-अन-ट्विंतख’ म्हणतात, पाच आधी आणि वीस नंतर. त्रेपन्नमध्ये तीन आधी येतात, तसेच. इतर देशांची मुलं फोन नंबर लिहून घेताना आकडे उलटे लिहितात. तिचा एकही आकडा कधी उलटा पडला नाही.

आणि ते छोटे शब्द, ज्यांचा शब्दकोशात नीट अर्थ लागत नाही. ‘एवन’ म्हणजे आपलं ‘जरा’: जरा बघतोस का? ‘तॉख’ म्हणजे वाक्याच्या शेवटचं ‘ना’: तू येतोयस ना? ‘कोम मार बिनन’मधलं ‘मार’ म्हणजे ‘ये की आत’ मधलं ‘की’. ‘ने होर’ म्हणजे ‘नाही हो’. पुस्तकांत हे प्रगत पातळीला, शेवटच्या पानांवर येतात. मराठी मुलीला ते दुसऱ्या महिन्यात देता येतात, आणि तिच्या डचमध्ये तेव्हापासूनच माणूस बोलल्यासारखं वाटायला लागलं.

मराठीने काय अडवलं

पहिला फटका घड्याळाचा. सब्स्ट्रेट, म्हणजे मातीऐवजी झाडं लावायचं माध्यम, पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, ‘हाल्फ फीर’ला येतो. फीर म्हणजे चार. तिने ऐकलं साडेचार. डचमध्ये ‘अर्धा चार’ म्हणजे चाराच्या दिशेने अर्धा तास झालेला, म्हणजे साडेतीन. हे तिने पहिल्या महिन्यात शिकलेलं, परीक्षेत बरोबर लिहिलेलं. पण फोनवर, मागे पंख्यांचा आवाज, आणि कान मराठी ऐकायला लागले. तो माणूस तासभर बसून राहिला. त्यात दहाला ते ‘तीन’ म्हणतात, त्यामुळे ‘हाल्फ तीन’ म्हणजे साडेनऊ. मी आता पहिल्या पातळीच्या मराठी विद्यार्थ्यांकडून रोज पाच मिनिटं फोनवर फक्त वेळा सांगून घेते. समोरासमोर नाही, फोनवरच.

दुसरी अडचण ‘तू-तुम्ही’ची. डचमध्येही दोन रूपं आहेत, ‘तुम्ही’साठी ‘यू’ आणि ‘तू’साठी ‘ये’. वरिष्ठाने पहिल्याच दिवशी सांगितलं, मला ‘ये’ म्हण. वडिलांच्या वयाचा माणूस. तिच्या तोंडून ते निघेना. मग तिने आपण सगळे घरात करतो ते केलं: सर्वनामच टाळलं. नवीन सासू-सासऱ्यांशी किंवा वयाचा अंदाज न येणाऱ्या माणसाशी आपण ‘जेवण झालं का?’, ‘निघायचं का?’ असं बोलून वेळ मारून नेतो. मराठीत ते बेमालूम जमतं. डचमध्ये वाक्याला कर्ता लागतो. कर्ता गाळून बोललेली तिची वाक्यं वरिष्ठाला तुटक, कधी चक्क हुकूम सोडल्यासारखी वाटायची. म्हणजे आदर राखायला केलेली युक्ती उलटी बसत होती, आणि दोघांनाही कारण कळत नव्हतं.

तिसरी गोष्ट ‘हो हो’ची. तो विचारायचा, शुक्रवारपर्यंत होईल का? ती म्हणायची, “या, या.” आपल्याकडे ‘हो हो’ म्हणजे ऐकलं, लक्षात आलं. डच कानाला दोनदा म्हटलेलं ‘या’ कधी ‘पुरे आता’ वाटतं, कधी ‘बरं, बघू तुझं खरं की खोटं’. आणि एकदा हो म्हटलं की ती वेळ ठरली. शुक्रवारी काम झालेलं नसेल तर प्रश्न कामाचा राहत नाही, शब्दाचा होतो.

सोमवारच्या बैठकीत शेवटचा विषय नेहमी ‘रोंदफ्राख’ असतो. टेबलाभोवती एकेकाला विचारतात, तुझं काही? पहिले सहा आठवडे तिचं उत्तर एकच होतं, माझं काही नाही. बैठक संपली की मात्र ती वरिष्ठाच्या मागे मागे जाऊन बोलायची. तिच्या दृष्टीने हे सभ्यपणाचं होतं, चारचौघांत कोणाची चूक दाखवायची नाही. टेबलावरच्या माणसांना मात्र कळेना, आत्ता विचारलं तेव्हा का नाही बोलली?

तो मेल

आता नवव्या ओळीकडे. तिने लिहिलेलं मराठीत साधारण असं होतं:

“आदरणीय महोदय, आपण कुशल असाल अशी आशा करते. आपल्या कंपनीत शिकण्याची संधी दिल्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मी सध्या दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागातल्या नोंदी ठेवते. या कामातून मला खूप शिकायला मिळतं. आपण कामात असाल याची कल्पना आहे, त्रासाबद्दल क्षमस्व. माझ्या मोजण्यात चूक असण्याची शक्यता आहे…” असं करत करत नवव्या ओळीला: “तरी तिसऱ्या विभागात निथळाची ईसी कदाचित थोडी वाढलेली वाटते. सवड मिळाल्यास पाहावं ही विनंती.”

वर पुन्हा विषयाच्या जागी ‘नोंदींबाबत’.

मी तिला विचारलं, थोडी म्हणजे किती? तिने वही काढली. ४.८, ५.५, ६.३, ७.२. दोनदा मोजलेलं, मीटर तपासून घेतलेला. “मग हे आकडे मेलमध्ये का नाहीत?” ती जरा वेळ गप्प बसली. “आकडे दिले असते तर मी त्यांना शिकवतेय असं वाटलं असतं.”

या वाक्यापाशी मी थांबले. कारण तो मेल मी ओळखत होते. असाच मेल मीही इथे आल्यावर लिहिला होता. आपल्याकडे वडीलधाऱ्याला वाईट बातमी सांगताना आधी चहा-पाणी, ख्याली-खुशाली, मग हळूच मुद्दा. मुद्दा जितका जड, तितका तो उशिरा. घरी तिचे वडील असेच बोलतात, आणि ऐकणारा शेवटपर्यंत थांबतो, कारण खरी गोष्ट शेवटीच असते हे त्याला माहीत असतं. डच वरिष्ठ सकाळी चाळीस मेल उघडतो. पहिल्या दोन ओळींत काम दिसलं नाही तर तो मेल आभाराचा समजून बाजूला ठेवतो. त्याच्या समजुतीप्रमाणे जड मुद्दा वरच असायला हवा. त्याला वेळेवर न सांगणं, हा त्याच्या लेखी अनादर.

आम्ही तो मेल पुन्हा लिहिला. पाच ओळी झाल्या.

विषय: तिसरा विभाग, निथळाची ईसी वाढते आहे.

“बेस्ते”, म्हणजे प्रिय, पुढे त्याचं पहिलं नाव. “तिसऱ्या विभागात निथळाची ईसी गेल्या गुरुवारपासून वाढते आहे: ४.८, ५.५, ६.३, ७.२. दोनदा मोजलं, मीटर ठीक आहे. मला वाटतं पाणी कमी पडतंय. आज दुपारी माझ्याबरोबर जरा बघशील का?” खाली ‘मेट फ्रींदलके ख्रूट’, म्हणजे सस्नेह नमस्कार, आणि नाव.

ती म्हणाली, “ताई, उद्धट वाटत नाही का हे?” मी तिला शेवटच्या ओळीतल्या ‘एवन’वर बोट ठेवायला लावलं. सगळी नम्रता त्या एका ‘जरा’त आहे, आणि ‘मला वाटतं’मध्ये. नम्रता मुद्द्याच्या आधी रचून ठेवायची गरज नाही, ती मुद्द्याच्या आत विरघळलेली असते. इथे एक सावधगिरी. “डच लोक तोंडावर बोलतात” हे ऐकून काही मुलं दुसऱ्या टोकाला जातात, हे छोटे शब्दही काढून टाकतात आणि खरोखरच उद्धट ऐकू येतात. डच माणूस सरळ बोलतो, पण ‘जरा’, ‘ना’, ‘की’ लावून बोलतो. ते कान देऊन ऐकावं लागतं.

मग काय केलं

उरलेल्या नऊ आठवड्यांत आम्ही फार गोष्टी केल्या नाहीत. तीन केल्या.

प्रत्येक मेल पाठवण्याआधी ती मराठीत स्वतःला एकच प्रश्न विचारायची: फोनवर एकच वाक्य बोलायला मिळालं असतं तर काय बोलले असते? ते वाक्य पहिल्या ओळीत. पहिले दोन आठवडे ती मसुदे मला दाखवायची, नंतर नाही.

रोंदफ्राखला दर सोमवारी एक वाक्य बोलायचंच, असं ठरवलं. आदल्या रात्री तयार करून, मोठ्याने म्हणून. पहिल्या सोमवारी ती म्हणाली की चौथ्या रांगेतल्या एका ड्रिपरमधून पाणी येत नाही. एवढंच. समोरच्याने “बरं” म्हणून लिहून घेतलं. बैठक संपल्यावर तिचा मेसेज आला, “कोणी काही म्हणालं नाही!” त्यातला आनंद मला अजून आठवतो. चारचौघांत उणं दाखवलं आणि कोणाला लागलं नाही, हा अनुभव वर्गात देता येत नाही.

तिसरी गोष्ट इंग्रजीची. परक्याचा उच्चार कानावर पडला की इथली माणसं मदत म्हणून लगेच इंग्रजीवर येतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण शिकणाऱ्याची वाट बंद होते. तिने सहकाऱ्यांना विनंती केली: दहाच्या कॉफीला माझ्याशी फक्त डच बोला, मी अडखळले तरी. दिवसभर नको, त्याने कामं अडतात. फक्त कॉफीला. पंधरा-वीस मिनिटं, रोज. बैठकीपेक्षा जास्त डच ती त्या कॉफीत शिकली, कारण तिथे कोणी आकडे बोलत नव्हतं. फुटबॉल, पाऊस, कोणाच्या तरी सासूचं ऑपरेशन.

वरिष्ठाला ती ‘ये’ म्हणू लागली का? हो, पण तोंडी यायला नववा आठवडा उजाडला. मेलमध्ये आधी जमलं.

माझं मत

शेवटचं सादरीकरण तिने डचमध्ये केलं, दहा मिनिटं. प्रश्नोत्तरांत दोनदा इंग्रजीत गेली आणि परत आली. नंतर डच भाषेच्या सरकारी ‘राज्य परीक्षे’चा दुसरा कार्यक्रम दिला, तो बी-टू पातळीचा. त्यात वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग वेगवेगळे देता येतात. तीन पहिल्याच वेळी निघाले. लेखन राहिलं, ते पुन्हा द्यायचं होतं. नेदरलँड्स आणि फ्लँडर्स (बेल्जियमचा डच बोलणारा भाग) यांची १९८० पासून एक संयुक्त भाषासंस्था आहे. त्या संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षेत ‘व्यावसायिक’ असा वेगळा प्रकार आहे, त्यात कामावरचीच कामं करून दाखवावी लागतात. माझ्या मते इथल्या कंपन्यांत जाऊ पाहणाऱ्यांनी त्या परीक्षेचे नमुने पाहावेत, परीक्षा दिली नाही तरी.

आमच्या वर्गांबद्दल मला स्पष्ट म्हणायचंय. आम्ही कामाचं डच उशिरा शिकवतो. पत्राचा मायना, ‘आदरणीय महोदय’साठी ‘खआख्ते मनेर’ लिहायचं नाही, ‘खआख्ते हेर’ लिहायचं, हे सगळं बी-टूच्या पुस्तकात येतं, आणि इंटर्नशिप येते बी-वनला. मधल्या अंतरात ही मुलं एकटी असतात. त्यांना शब्द कमी पडत नाहीत. बातमी कुठे ठेवायची, ‘जमणार नाही’ कधी म्हणायचं, टेबलावर काय बोलायचं, हे कोणी सांगितलेलं नसतं. ए-टूच्या तुटपुंज्या शब्दांतही हे शिकवता येतं. “शुक्रवारी जमणार नाही” म्हणायला तीन शब्द लागतात. या वर्षीपासून मी ते दुसऱ्या सत्रात घेते आहे, वर्गात कितीही पुस्तक मागे राहिलं तरी.

तिचं झूकयार सुरू आहे. लेखनाच्या तयारीसाठी शुक्रवारी आमची भेट ठरली होती. बुधवारी तिचा मेल आला, मायना सोडला तर दोन ओळींचा:

“फ्रेइदाख लुक्त नीट, हेगला मुलाखत आहे. मांदाख ओम हाल्फ तीन वेल.”

शुक्रवारी जमणार नाही. सोमवारी साडेनऊला जमेल. मी खोली सोमवारसाठी राखून ठेवली.